कोकणात खनिजशोधाचं ड्रिलिंग: ताकद किती लागते, वीज कशी द्यायची आणि काय काय मोजायचं

खनिजाच्या शोधासाठी बोअर मारायची म्हटलं की पहिली चौकशी रिगची (भोक पाडणाऱ्या यंत्राची) होते. कुठली रिग, किती अश्वशक्तीची, भाडं किती. माझ्या मते हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. आधी खडक बघायचा, मग भोकाचा व्यास आणि खोली ठरवायची, त्यातून लागणारी ताकद काढायची आणि मग यंत्र निवडायचं. मोजमापाची साधनं त्याच कागदावर, त्याच दिवशी ठरली पाहिजेत. रिग सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) चढल्यावर "आता सेन्सर लावूया" म्हटलं की वायर जनरेटरच्या केबलला बांधली जाते, डबा चिखलात ठेवला जातो आणि पहिल्या आठवड्यातच आकडे येणं बंद पडतं.

पाण्यासाठीच्या बोअरमध्ये पाणी लागलं की काम झालं. शोधाच्या बोअरमधून हाती येते ती फक्त माहिती: कुठल्या खोलीवर कुठला खडक, किती कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) मिळाला, किती हरवला. ही माहिती नीट नोंदली गेली नाही, तर खर्च झालेल्या डिझेलच्या बदल्यात जमिनीत एक भोक तेवढं उरतं.

पायरी १: खाली काय आहे ते आधी कागदावर मांडा

कोकणाचा खडक वरून सगळीकडे सारखाच जांभा दिसतो, खाली मात्र फार वेगळा निघतो. रायगड आणि रत्नागिरीच्या बहुतेक भागात जांभ्याखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचं बॉक्साइट याच जांभ्याच्या टोपीत असतं, म्हणून तिथली भोकं उथळ असतात. सिंधुदुर्गात बेसाल्ट संपत जातो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. रेडी आणि कळण्याचं लोहखनिज, कणकवलीजवळचं क्रोमाइट, कासार्डे-फोंडा पट्ट्यातली सिलिका वाळू हे सगळं त्या जुन्या जगातलं.

ड्रिलरला या भागात घाम फोडतो तो जांभा आणि घट्ट खडक यांच्यामधला मऊ चिकणमातीचा थर. वरचा जांभा पोकळ्यांनी भरलेला असल्यामुळे फिरवलेलं पाणी वर येतच नाही, आणि खालची माती पाण्याने विरघळून कोअर वाहून जातो. म्हणून वरचा भाग मोठ्या व्यासाने, तिहेरी नळीचा कोअर बॅरल वापरून, एकेक-दीड मीटरच्या छोट्या रनमध्ये (टप्प्यांत) काढायचा आणि घट्ट खडकापर्यंत केसिंग (भोकाला आधार देणारी नळी) उतरवायचं. बॉक्साइटच्या उथळ भोकांत तर कार्बाइडचं बिट (कापणारं टोक) लावून पाण्याशिवाय ड्रिल करणं बरं. पाणी घातलं की बारीक कण वाहून जातात आणि नमुन्याचं रासायनिक विश्लेषणच चुकतं.

पुढच्या हिशेबासाठी उदाहरण धरू: सिंधुदुर्गात १५० मीटरची एक बोअर, वरचे सुमारे २५ मीटर एचक्यू मापात (भोक ९६ मिमी, कोअर ६३.५ मिमी, तिहेरी नळीत ६१.१ मिमी) आणि खाली एनक्यू मापात (भोक ७५.७ मिमी, कोअर ४७.६ मिमी).

पायरी २: ताकदीचा हिशेब, भोकाच्या तळापासून वर

फिरवण्याच्या ताकदीचं सूत्र साधं आहे: किलोवॅट म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले फेरे प्रति मिनिट, भागिले ९५५०. हिऱ्याच्या बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २ ते ५ मीटर ठेवतात. एनक्यू बिटाचा परीघ जवळपास २४ सेंमी आहे. म्हणजे सेकंदाला ३ मीटर हवे असतील तर मिनिटाला सुमारे ७५० फेरे लागतील. कठीण खडकात, रॉडच्या घर्षणासह, वरच्या टोकाला २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ७०० फेरे धरले तर १८ किलोवॅट होतात. हायड्रॉलिक मोटरमधून ही ताकद द्यायची तर पंप, व्हॉल्व्ह आणि होजमध्ये तीस टक्के सहज जातात. इंजिनाच्या शाफ्टवर मग २६ किलोवॅट लागले.

भोकात बेंटोनाइट मातीचं पाणी (चिखल) फिरवणाऱ्या पंपासाठी लिटर प्रति मिनिट गुणिले बार, भागिले ६००. मिनिटाला ६० लिटर ३० बारने ढकलायला ३ किलोवॅट, आणि पंपाची कार्यक्षमता धरून ४. फीड (बिट पुढे दाबणं) आणि किरकोळ कामांना २ धरा. एकूण ३२, वर पाव भाग राखीव ठेवला की ४० किलोवॅट.

रॉड उचलण्याची ताकद यात मिळवू नका, कारण उचलताना फिरवणं थांबलेलं असतं. ती वेगळी तपासायची. एनक्यू रॉडचं वजन मीटरला सुमारे ७.८ किलो, म्हणजे १५० मीटरचे जवळपास १,१७० किलो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने उचलायला ६ किलोवॅट पुरतात. चिकणमातीत रॉड अडकले की खेच दुपटीने वाढते, तरी ४० किलोवॅटमध्ये ती बसते. खरा प्रश्न मास्ट (रिगचा उभा खांब) आणि विंचच्या दोरीला ती खेच पेलते का हा आहे, आणि तो रिगच्या नेमप्लेटवर बघायचा.

पायरी ३: डिझेल थेट की जनरेटरवरून वीज

एकट्यादुकट्या बोअरसाठी डिझेल इंजिन थेट हायड्रॉलिक पंपाला जोडलेली रिग सर्वांत सुटसुटीत. बिघाड शोधायला सोपा, कुडाळ किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दुरुस्ती होते, आणि सड्यावरच्या कच्च्या रस्त्याने एकच वाहन न्यावं लागतं.

एकाच ठिकाणी जवळजवळ बऱ्याच बोअर मारायच्या असतील, वाडी जवळ असेल आणि आवाज दूर ठेवायचा असेल, तर विजेच्या मोटरवरची रिग आणि दूर उभा केलेला जनरेटर चांगला. गावातल्या वीजवाहिनीवर ३७ किलोवॅटची (वरच्या ३२ ला पुरणारी) मोटर चालवण्याचा विचार मात्र सोडून द्या. शेतीपंपाच्या लाइनच्या टोकाला विजेचा दाब (व्होल्टेज) आधीच पडलेला असतो, आणि रॉड खाली असताना वीज गेली तर रॉड गाळात रुतायला वेळ लागत नाही.

जनरेटर निवडताना चालू भार बघून भागत नाही, सुरू होतानाचा झटका बघावा लागतो. ३७ किलोवॅटच्या मोटरला ४१५ व्होल्टवर चालताना ६७ अँपिअरच्या आसपास लागतात. थेट सुरू केली तर त्याच्या सहापट, म्हणजे ४०० अँपिअर ओढते. मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने तो झटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तरी क्षणभर जवळपास ९५ केव्हीए लागतातच. म्हणून कागदावर ५० केव्हीए पुरेसे दिसले तरी स्टार-डेल्टासोबत ८२.५ केव्हीएचा सेट घ्यावा. मोटरचा वेग हळूहळू वाढवणारी व्हीएफडी लावली तर झटका जवळजवळ नाहीसा होतो आणि ६२.५ चालून जातो. पण व्हीएफडी सेन्सरच्या वायरींत विद्युत गोंगाट घालते, त्याबद्दल पुढे येईल. गरजेपेक्षा फार मोठा सेटही नको. तीस टक्क्यांच्या खालच्या भारावर डिझेल इंजिन दिवसभर चाललं की अर्धवट जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साचतं.

खाऱ्या, दमट हवेत डिझेलच्या टाकीत पाणी जमतं. रोज सकाळी सेट सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटर मोकळा करा. हायड्रॉलिक टाकीच्या ब्रीदरला ओल शोषणारा फिल्टर लावा. तेल दुधाळ दिसलं की त्यात पाणी शिरलं आहे, आणि पंपाचे दिवस मोजायला सुरुवात झाली.

पायरी ४: अर्थिंग आणि गळतीचं संरक्षण

इथे मी थोडं जास्त थांबणार आहे, कारण इथली चूक माणसाच्या जिवावर येते. ड्रिलच्या जागी सगळं ओलं असतं, हेल्परच्या पायांत अनेकदा साध्या चपला असतात आणि लोखंडाला हात लावल्याशिवाय काम होत नाही.

सुका जांभा विजेला फार वाईट वाट देतो. एप्रिल-मेमध्ये सड्यावर एक पाइप ठोकून अर्थिंग केलं तर मीटरवर दहाच्या पटीतले ओहम दिसतात. इतक्या रोधातून फ्यूज किंवा एमसीबी उडेल इतका प्रवाह जातच नाही, आणि रिगचा सांगाडा शांतपणे जिवंत राहतो. म्हणून इथे खरा भरवसा गळती ओळखणाऱ्या उपकरणावर ठेवायचा. दिवे, वेल्डिंग, हाताची यंत्रं आणि छोटे पंप ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) घ्या, मोठ्या मोटरला वेगळा अर्थ-लीकेज रिले द्या. ३० मिलिअँपिअरचं उपकरण अर्थिंगचा रोध शेकडो ओहम असला तरी काम करतं.

पण त्याला एक अट आहे आणि ती भाड्याच्या जनरेटरवर नेहमी पाळलेली नसते. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या सांगाड्याला आणि अर्थला जोडलेला असला पाहिजे. तो मोकळा असेल तर जमिनीत गेलेल्या प्रवाहाला जनरेटरकडे परतायची वाटच नसते आणि आरसीसीबी काही ओळखत नाही. तिचं टेस्ट बटण यात फसवतं, कारण ते फेज आणि न्यूट्रलच्या मध्येच छोटा प्रवाह सोडतं. न्यूट्रल मोकळा असतानाही बटण दाबलं की ती उडते आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून सेट बंद असताना न्यूट्रल आणि सांगाडा यांच्यात मल्टिमीटरने जोड तपासा, आणि सेट चालू केल्यावर वायरमनकडून आरसीसीबी टेस्टरने फेज ते अर्थ गळतीची चाचणी करून घ्या. ही जोडणी वीज परवानाधारकानेच करायची. अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३ त्याला माहीत असतं.

अर्थिंग सुधारायला लागणारं सामान रिगवर आधीच असतं. ड्रिलिंगसाठी आणलेलं बेंटोनाइट हेच अर्थिंगच्या खड्ड्यात भरायलाही उत्तम, कारण ते ओल धरून ठेवतं. एकाऐवजी दोन-तीन पाइप, एकमेकांपासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, शक्य तर चिखलाच्या खड्ड्याच्या ओलीकडे ठोका. रिग, जनरेटर, पंप, डिझेलची टाकी असं सगळं लोखंड एका जाड वाहकाने एकमेकांना बांधा. बांधलेलं असलं की त्यांच्यात विजेच्या दाबाचा फरक उरत नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात सड्यावर मास्ट हीच सर्वांत उंच वस्तू असते. पहिला गडगडाट ऐकू आला की काम थांबवा, माणसं गाडीत किंवा पक्क्या घरात पाठवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मास्ट उभा करण्याआधी डोक्यावरून वीजवाहिनी जात नाही ना, हे एकाने दूर उभं राहून बघायचं.

पायरी ५: काय मोजायचं

पाच आकडे मिळाले तर बोअर बोलायला लागते: बिटावरचा भार, टॉर्क, फेरे, पाण्याचा दाब व प्रवाह, आणि खोली.

बिटावरचा भार फीड सिलिंडरच्या दाबावरून आणि टॉर्क हायड्रॉलिक मोटरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावरून काढतात. त्यासाठी ४ ते २० मिलिअँपिअरचे प्रेशर ट्रान्समीटर घ्या. या पद्धतीत शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे प्रवाह शून्यावर गेला की वायर तुटली हे लगेच कळतं. ० ते २५० बारच्या ट्रान्समीटरवर १२ मिलिअँपिअर दिसले तर दाब १२५ बार. लॉगरला (आकडे नोंदवणाऱ्या उपकरणाला) व्होल्ट हवे असतील तर २५० ओहमचा रोध लावला की १ ते ५ व्होल्ट मिळतात.

फेऱ्यांसाठी स्पिंडलवर बोल्टचं डोकं मोजणारा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर पुरतो. ग्रीस, चिखल कशाचंच त्याला वावडं नाही. खोलीसाठी फीडच्या सरकत्या भागाला तार किती ओढली गेली ते मोजणारा एन्कोडर बांधतात.

चिखलाच्या लाइनवर साधा ट्रान्समीटर थेट बसवू नका, त्याचं बारीक भोक बेंटोनाइटने बुजतं. मध्ये पडद्याचा डायफ्रॅम सील हवा. प्रवाहासाठी टर्बाइन मीटर नको, इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर घ्या. त्यात फिरणारा भाग नसतो. पंपाच्या ठोक्यांमुळे आकडा नाचतो, म्हणून पाचेक सेकंदांची सरासरी घ्यावी.

आता जांभ्याच्या प्रदेशात सर्वांत मोलाचं आणि जवळजवळ फुकटचं मोजमाप: परत येणारं पाणी. परतीच्या चरात पत्र्याचा ९० अंशांचा व्ही आकाराचा खाच असलेला बांध बसवा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची पट्टीने बघा. पाणी ५ सेंमी असेल तर मिनिटाला ४६ लिटरच्या आसपास, ४ सेंमी असेल तर २६ ते २७ लिटर. इतक्या छोट्या उंचीवर सूत्र थोडं चुकतं, म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन एकदा पडताळा. आत ६० जातात आणि बाहेर ४६ येतात, तर १४ लिटर खडकात जात आहेत. हे नुकसान कुठल्या खोलीवर सुरू झालं ही भूवैज्ञानिकासाठी भेगेची किंवा पोकळीची पहिली खबर असते.

पाणी खाडीजवळच्या विहिरीचं असेल तर वाहकता मीटर जवळ ठेवा. समुद्राचं पाणी सेंटिमीटरला ५० मिलिसीमेन्सच्या आसपास दाखवतं. मचूळ पाण्यात बेंटोनाइट नीट फुगत नाही. मग गोडं पाणी टँकरने आणायचं किंवा पॉलिमर वापरायचं.

पायरी ६: सेन्सरची वीज आणि वायरिंग वेगळी ठेवा

मोठ्या विजेचा आणि नाजूक उपकरणांचा झगडा कोकणाला जुना आहे. मुंबईतली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली गेली, ती मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणूनच. ट्रामच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या. रिगवर आपण उपकरणं दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही, पण वायरी लांब ठेवू शकतो.

लॉगरला इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर जोडू नका. स्टार्टर फिरताना विजेचा दाब क्षणभर ८ व्होल्टच्या खाली जाऊ शकतो आणि लॉगर रीसेट होतो. वेगळी बॅटरी द्या. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर सोडून बाकीचे सेन्सर २४ व्होल्टवर आणि लॉगर मिळून सुमारे ४ वॅट, दिवसाला शंभरेक वॅट-तास. १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी दोन दिवस निघतात. छोटं सौर पॅनल लावलं की चार्जिंगची चिंताच नाही.

सिग्नलची केबल पिळदार जोडीची, जाळीवाली घ्या आणि जाळी एकाच टोकाला, लॉगरकडे अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच प्रवाह वाहतो. व्हीएफडीच्या केबलपासून किमान अर्धा मीटर दूर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

मीठ हा इथला रोजचा शत्रू. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, आयपी ६७ दर्जाचे कनेक्टर, जोडांवर सिलिकॉन ग्रीस, डब्यात सिलिका जेल. केबल डब्यात खालून घ्या आणि शिरण्याआधी तिला एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. स्टेनलेस स्टील ३१६ ग्रेडचं घ्या, किनाऱ्यावर ३०४ वर तांबूस डाग पडतात.

पायरी ७: पडताळणी, आणि ड्रिलरची वही

एन्कोडर मोजपट्टीवर ३ मीटर ओढून तपासा. पण अंतिम सत्य रॉडच्या मोजणीचं असतं. प्रत्येक रॉड जोडताना वर उरलेली लांबी मोजायची आणि एन्कोडर त्याच्याशी जुळवायचा. प्रेशर ट्रान्समीटर शेजारच्या काटेवाल्या गेजशी दर आठवड्याला ताडून बघा.

लॉगरचं घड्याळ आणि ड्रिलरच्या वहीतली वेळ एक असली पाहिजे. अनुभवी ड्रिलर आवाजावरून आणि लिव्हरच्या थरथरीवरून जे ओळखतो ते कुठल्याही सेन्सरला येत नाही. "इथे बिट उडालं", "पाणी लाल झालं" या दोन शब्दांच्या नोंदी आलेखाशेजारी ठेवल्या की आलेखाला अर्थ येतो. त्याला दिवसाच्या शेवटी आलेख दाखवा आणि विचारा. नोंदी आपोआप सुधारतात.

वाचायचं कसं? भार तोच, फेरे तेच, पण बिट खाली जाण्याचा वेग हळूहळू उतरत चालला, तर बिट गुळगुळीत झालं आहे. वेग एकदम वाढला आणि टॉर्क पडला, तर मऊ थर. बेसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या लाल थरात हे हमखास दिसतं. पाण्याचा दाब वाढत जातो आणि परतीचं पाणी कमी होतं, तर भोकात गाळ साचतोय. ताबडतोब रॉड थोडे वर घ्या, फिरवत राहा. १९६५ साली टील यांनी मांडलेली विशिष्ट ऊर्जेची कल्पना इथे कामाची आहे: एक घनमीटर खडक कापायला किती ऊर्जा गेली. टॉर्क, फेरे आणि वेग यांवरून ती काढता येते. वर मोजलेल्या टॉर्कमध्ये रॉडचं घर्षण मिसळलेलं असतं, म्हणून तिच्या नेमक्या आकड्यापेक्षा त्याच भोकातल्या वरच्या-खालच्या मीटरच्या आकड्याशी केलेली तुलना विश्वासार्ह.

पायरी ८: भोक गेलं कुठे

तिरपी बोअर एका अंशाने चुकली तर १५० मीटरवर अडीच मीटरहून जास्त बाजूला जाते. रेडी-कळणे पट्ट्यात चुंबकीय कंपासवरचं सर्व्हे उपकरण दिशा चुकीची दाखवतं, कारण भोवतालचं लोहखनिजच त्याला ओढतं. बेसाल्टमध्येही जपून. अशा ठिकाणी जायरो (चुंबकाविना दिशा दाखवणारं उपकरण) भाड्याने आणा. चुंबकीय उपकरणच वापरावं लागलं तर त्याने नोंदलेली क्षेत्राची तीव्रता त्या भागाच्या नेहमीच्या आकड्याशी ताडा. फरक दिसला की दिशा टाकून द्या, झुकाव ठेवा.

पायरी ९: मिरगाच्या आधी आवरतं घ्या

जून ते सप्टेंबर सड्यावर रिग चालवू नये. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सेन्सर उतरवा, गोड्या पाण्याने पुसा, वाळवून बंद डब्यात ठेवा. प्रत्येकावर शेवटच्या पडताळणीची तारीख आणि फरक लिहा. कनेक्टरची तोंडं झाका. बॅटरी पूर्ण चार्ज करून महिन्यातून एकदा पुन्हा भरा.

बोअर उघडी ठेवून जाऊ नका. तळापासून वर सिमेंटचा घोल भरत या, नाहीतर वरचं घाण पाणी खाली आणि किनाऱ्याजवळ खारं पाणी गोड्या थरात शिरतं. भरण्याआधी पाण्याची पातळी आणि वाहकता मोजून नोंदवा. ही दोन आकड्यांची चिठ्ठी जमिनीच्या मालकाला द्या. त्याच्या आंबा-काजूच्या कलमांसाठी विहीर कुठे आणि किती खोल घ्यायची, हे ठरवताना तिचा त्याला थेट उपयोग होतो.